मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये कॉर्निया सुजू नये म्हणून: द्रव, विस्को, टीप, टनेल (सांगली-मिरज-सातारा)

कृष्णाकाठ_ओटी
जत, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि पलीकडे माण-खटावकडून येणाऱ्या रुग्णांत मोतीबिंदू पार पिकलेले, तपकिरी, टणक असे बरेच असतात. अशा डोळ्याची दुसऱ्या दिवशी पट्टी काढली की कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) धुरकट, आत डेसिमेटच्या (कॉर्नियाच्या आतल्या पातळ पापुद्र्याच्या) घड्या आणि रुग्णाला जेमतेम बोटं मोजता येतात. सूज उतरेल असं आपण सांगतो आणि बहुतेकांची उतरतेही. पण यातली बरीच सूज टाळता येण्यासारखी असते. ओटीत काम करणारे सर्जन, सिस्टर, नेत्र सहायक यांनी इथे नेमकं लिहावं: कुठला द्रव, किती उंचीवर, कुठलं विस्को (जागा धरायला आणि पेशी जपायला डोळ्यात भरतात ती जेली), कधी आणि किती. आकडा आणि कारण दोन्ही द्या, म्हणजे नवीन माणसाला धागा थेट वापरता येईल.

षट्कोनी
आपण नक्की कशाला जपतोय तिथून सुरुवात करतो. कॉर्नियाची मध्यभागी जाडी साधारण ५४० मायक्रॉन. त्याच्या आतल्या अंगाला षट्कोनी पेशींचा एकच थर असतो, एंडोथेलियम, जाडी सुमारे ५ मायक्रॉन. कॉर्नियाच्या मधल्या थराला, म्हणजे स्ट्रोमाला, पाणी ओढून फुगण्याची सतत ओढ असते. पुढच्या कप्प्यातलं (कॉर्नियाच्या मागच्या पोकळीतलं) पाणी थोडं थोडं आत झिरपतच राहतं आणि या पेशी सोडियम-पोटॅशियम पंपाच्या जोरावर ते बाहेर काढतात. पंप चालू तोवर कॉर्निया काचेसारखा. पंप दमला की स्ट्रोमा जाड होतो, त्यातले तंतू विस्कटतात आणि प्रकाश विखुरतो.

माणसात या पेशी मेल्या की नव्या तयार होत नाहीत. शेजारच्या पेशी पसरून जागा भरतात, एवढंच. तरुणपणी दर चौरस मि.मी.ला २५०० ते ३००० असतात, वयाबरोबर दरवर्षी अर्धा-पाऊण टक्का कमी होतात. ५०० ते ७००च्या आसपास आल्या की कॉर्निया कायमचा सुजतो. चांगल्या हाताच्या ऑपरेशनमध्येही काही पेशी जातातच. ज्याच्याकडे २६०० आहेत त्याला फरक पडत नाही, ज्याच्याकडे ११०० आहेत त्याला त्याच ऑपरेशनने आयुष्यभराची सूज येऊ शकते.

म्हणून टेबलावर घेण्याआधी गुट्टाटा (डेसिमेटवरचे बारीक उंचवटे) बघा. स्पेक्युलर मायक्रोस्कोप नसला तरी स्लिट लॅम्पवर अरुंद पट्टा, जास्त मॅग्निफिकेशन आणि स्पेक्युलर रिफ्लेक्शन धरलं तर ठोकलेल्या पत्र्यासारखा खडबडीतपणा दिसतो. रुग्णाला एक प्रश्न न चुकता विचारा: "सकाळी उठल्यावर धुरकट दिसतं आणि दुपारपर्यंत साफ होतं का?" रात्री पापणी मिटलेली असते, पृष्ठभागावरून बाष्पीभवन होत नाही, कमजोर पंपाला पाणी उपसणं झेपत नाही. हो म्हणाला तर पॅकिमेट्री करा, म्हणजे कॉर्नियाची जाडी मोजा. फुक्स (गुट्टाटा वाढून पंप कमजोर होत जाण्याचा आजार) असलेल्या डोळ्यात जाडी ६४० मायक्रॉनच्या वर असेल तर नुसतं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुरणार नाही, एंडोथेलियम बदलण्याची वेळ येऊ शकते, हे नातेवाइकांना आधीच सांगा. डोळ्यात पूर्वी काचबिंदूचा तीव्र अटॅक येऊन गेला असेल, बाहुलीच्या कडेला पांढरी पापुद्र्यासारखी भुकटी असेल किंवा पुढचा कप्पा २.५ मि.मी.हून उथळ असेल, तरी तोच सावधपणा.

विस्को_आणि_बीएसएस
द्रवाबद्दल लिहितो, कारण ऑपरेशनभर एंडोथेलियमला सर्वांत जास्त वेळ लागून असतो तो हाच.

नॉर्मल सलाइन डोळ्याच्या आत वापरू नये. ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) ३०८ म्हणजे ठीक, पण त्यात कॅल्शियम नाही. पेशींमधले सांधे कॅल्शियमवर टिकतात. कॅल्शियम नसलेला द्रव फिरत राहिला की सांधे सुटतात आणि पाणी थेट स्ट्रोमात जातं. शिवाय पीएचही आम्लाकडे झुकलेला.

रिंगर लॅक्टेटमध्ये कॅल्शियम आहे, म्हणून आपल्याकडे ते सर्रास चालतं. ऑस्मोलॅरिटी सुमारे २७३, पीएच साधारण ६.५. डोळ्यातल्या पाण्याची ऑस्मोलॅरिटी ३००च्या आसपास आणि पीएच ७.४च्या जवळ. म्हणजे आरएल किंचित पातळ आणि किंचित आम्ल. मऊ मोती, पंधरा मिनिटांचं काम, चांगलं एंडोथेलियम असेल तर आरएलने भागतं. तपकिरी मोती किंवा गुट्टाटा असेल तर बीएसएसच (बॅलन्स्ड सॉल्ट सोल्यूशन) घ्या. त्यात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बफर म्हणून अ‍ॅसिटेट-सायट्रेट असतं. बीएसएस प्लसमध्ये आणखी बायकार्बोनेट, ग्लुकोज आणि ग्लुटाथिऑन असतं. बायकार्बोनेट पंपाला लागतंच. त्याचे दोन भाग वापरण्याआधीच मिसळायचे आणि सहा तासांत संपवायचे. सकाळी मिसळून संध्याकाळच्या केसला वापरायचं नाही.

बाहुली मोठी राहावी म्हणून बाटलीत अ‍ॅड्रिनॅलिन घालतात. ५०० मि.ली.मध्ये १:१००० चं ०.५ मि.ली., म्हणजे १:१०,००,०००. बऱ्याच अँप्युलमध्ये मेटाबायसल्फाइट असतं आणि मूळ द्रावण चांगलंच आम्ल असतं. एवढं पातळ केलं की बाधत नाही, पण तेच १:१००० न पातळ करता पुढच्या कप्प्यात गेलं तर पेशी जळतात. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलंच मागवा.

आणि एक बाटली एकाच रुग्णाला. लावण्याआधी उजेडासमोर धरून कण बघा, बॅच नंबर केसपेपरवर लिहा.

माणदेशी_स्लिटलॅम्प
शिबिराचं बजेट आरएलवरच बसवलेलं असतं. सगळ्यांना बीएसएस देता आलं नाही तर प्राधान्य कसं लावायचं?

विस्को_आणि_बीएसएस
यादी तयार करतानाच तीन खुणा लावा: मोती तपकिरी, कप्पा उथळ, गुट्टाटा किंवा एकच डोळा उरलेला. यातली एकही असेल तर बीएसएस आणि अनुभवी हात. बाकीच्यांना आरएल चालेल, पण पाणी कमीत कमी जाऊ द्या. द्रव कितीही चांगला असला तरी त्याचा प्रवाह एंडोथेलियमवर आपटत राहिला तर नुकसान होतंच.

सातारा_फेको
बाटलीच्या उंचीबद्दल फार बेफिकिरी दिसते. १.३६ सें.मी. पाण्याचा स्तंभ म्हणजे १ मि.मी. पारा. बाटली डोळ्यापासून १०० सें.मी. वर असेल तर प्रवाह थांबलेला असताना डोळ्यात सुमारे ७३ मि.मी.चा दाब असतो. आणि ही उंची डोळ्यापासून मोजायची. मधेच टेबल खाली घेतलं तर मशीनवरचा आकडा तोच राहतो आणि खरा दाब वाढतो. टेबल हललं की उंची पुन्हा लावा.

फेकोत (अल्ट्रासाउंडने मोती फोडून ओढून काढायच्या पद्धतीत) इजा चार वाटांनी होते: अल्ट्रासाउंडची ऊर्जा, टीपची (यंत्राच्या सुईच्या टोकाची) उष्णता, उडणारे तुकडे आणि हवेचे बुडबुडे. म्हणून तुकडे करण्याचं काम शक्य तितकं चॉपरने करा, पॉवरने कमी. सलग पॉवरऐवजी पल्स किंवा बर्स्ट. काम पिशवीत (मोतीच्या आवरणात) किंवा बाहुलीच्या पातळीवर, पुढच्या कप्प्यात कॉर्नियाच्या जवळ कधीच नाही. शेवटचा तुकडा सर्वांत जास्त उसळ्या मारतो, कारण त्याला अडवायला आता काही उरलेलं नसतं. तिथे व्हॅक्यूम आणि फ्लो खाली आणा आणि पुन्हा थोडं विस्को भरा. वेळ वाचवायला याच तुकड्यावर घाई होते आणि सर्वांत जास्त पेशी इथेच जातात.

जखम भाजण्याचं कारण बहुतेक वेळा एकच: कप्पा जाड विस्कोने गच्च भरलाय, टीपचं तोंड बुजलंय, पाणी वाहत नाही आणि पाय पॉवरवर गेला. काही सेकंदांत टीप तापते. ६० अंशांच्या आसपास कॉर्नियाचं कोलॅजेन आकसतं, जखम पांढरी पडते, मग ती टाके घालूनही नीट बसत नाही. म्हणून टीप आत गेल्यावर आधी नुसतं अ‍ॅस्पिरेशन देऊन मोतीच्या वरचं थोडं विस्को काढा, पाणी वाहतंय हे डोळ्यांनी बघा, मगच अल्ट्रासाउंड. टीपजवळ दुधाळ धूर दिसला तर ताबडतोब पाय उचला. स्लीव्ह (टीपभोवतीचं पाणी नेणारं आवरण) आणि जखम एकमेकांच्या मापाची हवी. २.२ च्या जखमेत २.८ ची स्लीव्ह दाबून घातली की ती चिमटते आणि पाणी अडतं.

वारणाकाठ
विस्कोबद्दल माझा मुद्दा असा की आपण फक्त "भरलं" एवढंच बघतो, काय भरलं आणि कुठे बसलं ते बघत नाही.

दोन जाती आहेत. चिकटून राहणारं, पसरणारं, म्हणजे डिस्पर्सिव्ह: २ टक्के एचपीएमसी (हायड्रॉक्सीप्रोपिल मिथाइलसेल्युलोज), किंवा ३ टक्के सोडियम हायल्युरोनेट आणि ४ टक्के कॉन्ड्रॉइटिन सल्फेटचं मिश्रण. हे पाण्याच्या प्रवाहातही एंडोथेलियमवर लेप होऊन राहतं. दुसरं एकसंध, गोळ्यासारखं, म्हणजे कोहेसिव्ह: १ ते १.४ टक्के हायल्युरोनेट. हे जागा छान धरतं पण व्हॅक्यूम लागला की एका दमात निघून जातं. नुसतं कोहेसिव्ह भरून टणक मोती फोडायला घेतला तर पहिल्या अर्ध्या मिनिटात एंडोथेलियम उघडं पडतं आणि वरून तर कप्पा व्यवस्थित दिसत राहतो.

स्टीव्ह आर्शिनॉफ यांची सॉफ्ट शेल पद्धत १९९९ पासून सगळीकडे रुळली. आधी कप्प्यात मध्यभागी डिस्पर्सिव्हचा गोळा सोडायचा. मग कॅन्युलाचं (बोथट पोकळ सुईचं) टोक त्या गोळ्याच्या खाली, लेन्सच्या पुढच्या पृष्ठभागावर ठेवून कोहेसिव्ह भरायचं. खालचं फुगत जातं आणि वरचं डिस्पर्सिव्ह घुमटासारखं एंडोथेलियमला लेपलं जातं. क्रम उलटा झाला तर लेप बसतच नाही. फोल्डेबल लेन्स घालताना उलट करा, पिशवीत कोहेसिव्ह, कारण शेवटी ते काढायचं असतं.

फ्रिजमधलं मिश्रण २० ते ३० मिनिटं आधी बाहेर काढून ठेवा. थंडगार असताना ढकललं तर घट्ट येतं, जोर लावावा लागतो, कॅन्युला सुटून डोळ्यात उडण्याची भीती असते. सिरिंजचं लॉक फिरवून पक्कं केलंय का ते सिस्टरनेही बघावं आणि सर्जननेही, आणि डोळ्याबाहेर एक थेंब काढून दाखवावा. हवेचा बुडबुडा असला तर तोही तिथेच निघून जातो.

नुसतं एचपीएमसी परवडत असेल तर तेच, पण दोन-तीनदा भरा: फोडण्याआधी, अर्धा मोती निघाल्यावर आणि शेवटच्या तुकड्याला. एचपीएमसी स्वस्त आहे, एंडोथेलियम नाही.

टनेल_वाला
फेकोवर बरंच आलं, पण आपल्या भागातले दगडासारखे मोती एसआयसीएसनेच (लहान कापातून हाताने मोती काढायच्या पद्धतीनेच) निघतात, त्यावर लिहितो.

एसआयसीएसमध्ये अख्खा मोती पुढच्या कप्प्यात येतो आणि कॉर्नियाच्या आतून घासत बाहेर पडतो. धोका त्या दोन मिनिटांत आहे. टनेलचं (मोती बाहेर काढायच्या बोगद्याचं) बाहेरचं तोंड ६ ते ६.५ मि.मी., तपकिरी मोतीला ७ ते ८. लिंबसच्या (कॉर्निया आणि पांढऱ्या भागाच्या सीमेच्या) मागे १.५ ते २ मि.मी. वरून सुरुवात, स्क्लेराच्या (पांढऱ्या भागाच्या) निम्म्या जाडीतून, स्वच्छ कॉर्नियात १ ते १.५ मि.मी. पुढे. आतलं तोंड बाहेरच्यापेक्षा रुंद हवं, नरसाळ्यासारखं. आतलं तोंड अरुंद राहिलं की मोती अडतो, सर्जन जोर लावतो आणि मोतीची कडा एंडोथेलियमवर घासते. कंजूषपणा करायची जागा ही नाही. अडतोय असं वाटलं तर बाहेर या, विस्को भरा, केराटोमने (चपट्या पात्याने) आतलं तोंड दोन्ही बाजूंना वाढवा.

मोती वर आला की त्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे विस्को. वरचं एंडोथेलियमसाठी, खालचं पिशवीसाठी. व्हेक्टिस (पळीसारखं हत्यार) मोतीच्या खाली सरकवला की तो वर उचलायचा नाही. टनेलचा मागचा ओठ खाली दाबायचा, मोती आपोआप तोंडाशी येतो, आणि मगच इरिगेशन वाढवायचं. आधी पाणी सोडलं तर विस्को धुऊन निघतं आणि मोती उघड्या एंडोथेलियमवर घासतो.

सातारा_फेको
एका गोष्टीत मतभेद आहे. फार टणक आणि मोठा मोती अख्खा काढण्यापेक्षा कप्प्यातच दोन तुकडे करून काढावा, टनेल लहान राहतो.

टनेल_वाला
तुकडे करताना दोन हत्यारं मोतीच्या वर-खाली जातात, कप्पा उथळ असेल तर वरचं हत्यार थेट एंडोथेलियमला टेकतं. कप्पा खोल आणि विस्को भरपूर असेल तर जरूर करा. उथळ कप्प्यात मी टनेल मोठा करण्याच्या बाजूचा आहे. १ मि.मी. जास्त टनेलने थोडं अ‍ॅस्टिग्मॅटिझम येईल, ते चष्म्याने भागतं.

ओटी_सिस्टर_मिरज
सर्जनच्या हाताबद्दल सगळे लिहितात, ट्रेबद्दल कुणी नाही, म्हणून लिहिते.

ऑपरेशन सुंदर झालं आणि दुसऱ्या दिवशी कॉर्निया या काठापासून त्या काठापर्यंत सुजलेला, दुखणं फारसं नाही, १२ ते ४८ तासांत आलेलं, एकाच दिवशीच्या दोन-तीन रुग्णांना: हे टास असू शकतं, म्हणजे काहीतरी विषारी आत गेलंय. जंतुसंसर्ग सहसा दोन दिवसांनंतर, वेदना आणि पू घेऊन येतो. पण दोन्हींत शंका असेल तर संसर्ग समजूनच हालचाल करायची, नमुना घ्यायचा.

टासची मुळं बहुतेक वेळा धुण्यात असतात. २६-२७ गेजच्या कॅन्युलात विस्को सुकलं की ते नुसत्या ऑटोक्लेव्हने जात नाही, पुढच्या रुग्णाच्या डोळ्यात जातं. म्हणून केस संपताक्षणी, ट्रे उचलण्याआधी, कॅन्युला, सिमको (पाणी सोडणारी आणि ओढणारी दुहेरी नळी) आणि फेकोच्या दोन्ही नळ्यांतून पाणी सोडायचं. शेवटचं धुणं निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटरनेच, फेको हँडपीसच्या प्रत्येक मार्गातून १०० मि.ली.हून जास्त, मग सिरिंजने हवा मारून कोरडं. एन्झाइमचा किंवा साबणाचा द्राव वापरला तर त्याचं माप कंपनीच्या पत्रकाप्रमाणे, अंदाजाने नाही, कारण उरलेला साबण एंडोथेलियमचं तेल धुतल्यासारखं करतो. डोळ्याच्या आत जाणारी हत्यारं ग्लुटराल्डिहाइडमध्ये बुडवू नका. अल्ट्रासोनिक भांड्यातलं पाणी रोज बदला. त्यात वाढलेले जंतू ऑटोक्लेव्हमध्ये मरतात, पण त्यांचं एंडोटॉक्सिन तसंच राहतं.

कृष्णाकाठी बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी क्षारांचं असतं. ते ऑटोक्लेव्हमध्ये घातलं की हत्यारांवर पांढरा थर बसतो. तिथे डिस्टिल्डच.

आणि रंग. कॅप्सूल (मोतीची पिशवी) रंगवायला ट्रायपॅन ब्लू. मिथिलीन ब्लू दिसायला तसाच निळा, अश्रूपिशवीच्या ऑपरेशनला ओटीत असतो. तो आत गेला तर एंडोथेलियम संपलंच. दोन्ही एका कपाटात ठेवू नका. ट्रॉलीवर बिनलेबलची सिरिंज दिसली तर ती फेकून द्यायची, कुणी भरली ते विचारत बसायचं नाही. पोव्हिडोन आयोडीन ५ टक्के पृष्ठभागावर तीन मिनिटं, मग धुऊन टाकायचं. हात धुवायचं फेसाचं बीटाडिन डोळ्याजवळही आणायचं नाही, त्यात डिटर्जंट असतं.

षट्कोनी
सिस्टरताईंचं शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात ओटीच्या दारावर लावावं. शेवटी सोडायच्या औषधाचंही तेच: मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ०.१ मि.ली.मध्ये ०.५ मि.ग्रॅ., आत द्यायलाच बनवलेलं, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं. थेंबांच्या बाटलीत बेंझल्कोनियम असू शकतं. लिग्नोकेनही १ टक्के, प्रिझर्व्हेटिव्हविना, अर्धा मि.ली. पुरतं.

माणदेशी_स्लिटलॅम्प
वरचा पृष्ठभाग राहिला. ऑपरेशन चालू असताना धुरकट दिसतं ते अनेकदा एंडोथेलियममुळे नसतं, एपिथेलियम (कॉर्नियाचा वरचा थर) सुकल्याने असतं. प्रोपॅराकेनचे थेंब पुन्हापुन्हा घातले की एपिथेलियम सैल होतं, मधुमेह असलेल्यांत तर लवकरच. पाच-पाच मिनिटांनी दोन-तीनदा पुरेत, आणि थेंब घातल्यावर रुग्णाला डोळा मिटून ठेवायला सांगा. टेबलावर कॉर्नियावर एचपीएमसीचा पातळ थर दिला की सारखं पाणी मारावं लागत नाही.

वारणाकाठ
जखम बंद करतानाची चूकही नोंदवतो. स्ट्रोमल हायड्रेशनचा (जखमेच्या कडेत पाणी भरून ती बंद करायचा) कॅन्युला खोल गेला, किंवा केराटोम बोथट असला, की डेसिमेट सुटून गुंडाळला जातो. दुसऱ्या दिवशी जखमेजवळच सूज आणि आत लोंबणारा पारदर्शक पडदा दिसतो. हे थेंबांनी बरं होईल म्हणून आठवडे घालवू नका. हवा किंवा १४ टक्के सी३एफ८ वायू भरून तो जागेवर बसवता येतो. हवा पूर्ण भरली तर बाहुली मोठी ठेवा, दाब बघा, तासाभरात थोडी काढा, नाहीतर पाणी अडून दाब चढतो.

सातारा_फेको
दुसऱ्या दिवशी सूज दिसली की सगळ्यांत आधी दाब मोजा. आत राहिलेलं विस्को पहिल्या २४ तासांत दाब चढवतं, आणि दाबामुळे एपिथेलियमखाली पाण्याचे बारीक फोड येतात. टिमोलॉल द्या, दम्याचा इतिहास विचारून. अ‍ॅसिटाझोलामाइड सल्फाची अ‍ॅलर्जी विचारून. पंप आधीच अशक्त असेल तर डॉर्झोलामाइडचे थेंब टाळा, ते जो एंझाइम अडवतात तो पंपालाही लागतो. प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट १ टक्का सुरुवातीला दर दोन तासांनी, मग चार-सहा आठवड्यांत उतरवत. ५ टक्के हायपरटॉनिक सलाइनचे थेंब दिवसातून चार वेळा आणि रात्री ६ टक्क्यांचं मलम. मलमाचा उपयोग सकाळच्या धुरकटपणाला, स्ट्रोमाच्या जाड सुजेवर फारसा नाही.

माणदेशी_स्लिटलॅम्प
आणि वाट किती बघायची? रुग्ण जतहून दर आठवड्याला येऊ शकत नाहीत.

षट्कोनी
डेसिमेट जागेवर आहे, दाब ठीक आहे, संसर्ग नाही, एवढं पहिल्या दोन भेटींत पक्कं झालं की बहुतेक सूज दोन ते चार आठवड्यांत उतरते. मग १ दिवस, १ आठवडा, १ महिना, ३ महिने एवढ्या भेटी चालतील. दरवेळी पॅकिमेट्री लिहा. आकडा उतरत असेल तर थांबा. तीन महिन्यांनंतरही सूज असेल, फोड फुटून डोळा टोचत असेल, तर डीसेक किंवा डीमेकसाठी (एंडोथेलियमचा थर बदलायच्या ऑपरेशनसाठी) पाठवा. तोवर फोडांच्या टोचणीला बँडेज लेन्स द्या. आणि केसपेपरवर कुठला द्रव, कुठलं विस्को, किती अल्ट्रासाउंड वेळ हे लिहून पाठवा. दुसरा डोळा करायची वेळ येते तेव्हा पुढच्या सर्जनला हाच कागद लागतो.